पिव्होट टेबल जुनेच आकडे का दाखवते?

कोल्हापुरात गुळाचा हंगाम सुरू होतो तो दिवाळी पाडव्याच्या सौद्यांनी. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवून या व्यापाराला हक्काची जागा दिली. आज हे सौदे शाहू मार्केट यार्डात निघतात. अडत दुकानातल्या दिवाणजींच्या पुढ्यात पूर्वी कीर्द आणि खतावणी असायची, आता संगणक असतो. एक्सेलच्या शीटमध्ये प्रत्येक सौद्याची एक ओळ : तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका, रव्यांची संख्या, वजन, दर, रक्कम. संध्याकाळी मालकांना हवे असते ते वेगळेच. कोणत्या तालुक्यातून किती माल आला, कोणत्या शेतकऱ्याची पट्टी किती झाली. हे काम पिव्होट टेबल क्षणात करते, म्हणूनच ते दुकानात, गावच्या दूध संस्थेत दहा दिवसांच्या बिलाच्या वेळी आणि शिरोलीच्या फौंड्रीतल्या स्टोअरमध्येही दिसते.

आणि या सगळ्या ठिकाणी एकच तक्रार ऐकू येते. दुपारच्या नोंदी भरल्या, दर दुरुस्त केले, तरी पिव्होटची बेरीज सकाळचीच. कोणी फाइल बंद करून पुन्हा उघडतो, कोणी संगणकच बंद करतो, आणि कोणी कंटाळून शेवटी कॅल्क्युलेटरवर बेरीज करतो. या शेवटच्या वाटेबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण बिघाड बहुतेक वेळा दोन-चार ठरलेल्या जागांपैकी एका जागी असतो आणि तो शोधायला पाच मिनिटे पुरतात. फक्त पिव्होट आकडे कुठून घेते, हे एकदा नीट समजले पाहिजे.

ते शीटमधून घेत नाही. आपण इन्सर्टमधून पिव्होट टेबल तयार करतो त्या क्षणी एक्सेल मूळ नोंदींची एक प्रत काढते आणि त्याच फाइलच्या पोटात वेगळी साठवते. या प्रतीला कॅश म्हणतात. पुढे आपण रकाने इकडचे तिकडे ओढतो, तालुक्याऐवजी गाव लावतो, महिन्यानुसार गट करतो, ते सगळे या प्रतीवर चालते. मूळ शीटकडे एक्सेल वळूनही बघत नाही. कीर्द-खतावणी लिहिलेल्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही. कीर्दीत नवी नोंद केली म्हणून खतावणीतले खाते आपोआप बदलत नसे; दिवाणजी बसून खतवत तेव्हाच ते बदले. पिव्होटमधले ‘रिफ्रेश’ म्हणजे हे खतवणे. साध्या फॉर्म्युल्याने लिहिलेली बेरीज मात्र सेल बदलला की लगेच बदलते. शेजारी शेजारी दिसणाऱ्या या दोन आकड्यांचा स्वभाव असा वेगळा असल्यामुळेच सगळा गोंधळ होतो.

ही रचना मुद्दाम केलेली आहे. आकड्यांचा गठ्ठा हवा तसा फिरवून पाहण्याची कल्पना पिटो सलास यांच्या कामातून १९९१ मध्ये लोटस कंपनीच्या इम्प्रूव्ह या प्रोग्रॅममध्ये आली, आणि १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत ती ‘पिव्होट टेबल’ या नावाने अवतरली. त्या काळच्या संगणकांना हजारो ओळी प्रत्येक क्लिकला नव्याने वाचणे झेपले नसते. प्रत काढून ठेवली की काम वेगाने होते. तो वेग आजही उपयोगाचा आहे. त्याची किंमत म्हणजे रिफ्रेश करण्याची जबाबदारी आपल्याकडे राहते.

तर पहिला उपाय सगळ्यांना माहीत असलेलाच. पिव्होटच्या आत कुठेही क्लिक करा आणि ऑल्ट धरून एफ५ दाबा. फाइलमधली सगळी पिव्होट एकदम ताजी करायची असतील तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ५. पिव्होट टेबल ऑप्शन्समधल्या ‘डेटा’ या भागात ‘फाइल उघडताना रिफ्रेश करा’ अशा अर्थाची एक चौकट आहे, तिच्यावर खूण करून ठेवली की सकाळी फाइल उघडताच कालपर्यंतच्या नोंदी येतात. मात्र व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेलवरून आलेली फाइल पुष्कळदा ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडते. वरच्या पिवळ्या पट्टीतले ‘एनेबल एडिटिंग’ दाबेपर्यंत त्यात काहीच ताजे होत नाही.

खरी अडचण सुरू होते ती रिफ्रेश करूनही आकडा हलत नाही तेव्हा. इथे अंदाज बांधत बसू नका, थेट कॅशमध्ये डोकावून बघा. त्याची सोपी युक्ती आहे : पिव्होटच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात जी एकूण बेरीज असते तिच्यावर दोनदा क्लिक करा. एक्सेल एक नवी शीट उघडते आणि त्या बेरजेमागच्या सगळ्या ओळी कॅशमधून काढून तिथे मांडते. आता दुपारी भरलेली एखादी नोंद त्यात शोधा. ती तिथे नसेल तर नोंद प्रतीपर्यंत पोचलेलीच नाही, किंवा एखाद्या फिल्टरने अडवली आहे. ती तिथे असेल आणि तरी बेरीज चुकत असेल, तर दोष त्या नोंदीतल्या मजकुरात आहे. पुढचा सगळा शोध या एका उत्तरावर ठरतो. पाहून झाले की ती नवी शीट काढून टाका.

नोंद पोचलेली नसेल तर बहुतेक वेळा कारण असते मूळ नोंदींची हद्द. समजा, हंगामाच्या सुरुवातीला पिव्होट केले तेव्हा नोंदी ए१ पासून एच४१२ पर्यंत होत्या. वरची ओळ मथळ्यांची, म्हणजे ४११ सौदे. दुसऱ्या दिवशी खाली आणखी ३८ ओळी भरल्या, म्हणजे शीट ४५० व्या ओळीपर्यंत गेली. पिव्होटला मात्र सांगून ठेवले आहे की ४१२ वर थांब. आपण शंभर वेळा रिफ्रेश केले तरी ते इमानाने त्याच ४११ सौद्यांची नवी प्रत काढत राहील. वरच्या ओळीतला एखादा दर बदलला तर तो बदल दिसतो, खालची नवी ओळ दिसत नाही. ही खूण पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे : जुन्या नोंदीतली दुरुस्ती येते आणि नवी नोंद येत नाही, तेव्हा हद्द तपासा. ‘चेंज डेटा सोर्स’ दाबले की पिव्होट कुठपर्यंत बघते ते समोर येते.

हद्द अपुरी पडण्याची चूक नवख्यांचीच होते असे समजू नये. अर्थशास्त्रज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला. जगभरच्या अर्थमंत्र्यांनी आणि धोरणकर्त्यांनी त्याचे दाखले दिले. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल शीट मिळवून आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा इतर आक्षेपांबरोबर हेही दिसले की सरासरीचा फॉर्म्युला पाच ओळी आधीच थांबला होता. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळाले होते. तिथे पिव्होट नव्हते, साधा फॉर्म्युला होता. पण दोष हाच, आणि तो तीन वर्षे कोणाच्या नजरेत आला नाही.

काही जण यावर उपाय म्हणून ए ते एच हे पूर्ण रकानेच पिव्होटला देतात. मला हा उपाय पसंत नाही. खालच्या लाखो रिकाम्या ओळी त्यात येतात, तालुक्यांच्या यादीत ‘ब्लँक’ अशी एक परकी ओळ बसते, अनेक आवृत्त्यांत रकमेची बेरीज करण्याऐवजी एक्सेल आधी नोंदींची संख्या मोजून दाखवते आणि तारखांचे महिन्यानुसार गट करतानाही त्रास होतो. चांगला उपाय त्याहून सोपा आहे. मूळ नोंदींत कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा. नोंदींचे ‘टेबल’ होते. ‘टेबल डिझाइन’मध्ये त्याला ‘गूळ’ असे नाव द्या आणि चेंज डेटा सोर्समध्ये जुन्या हद्दीच्या जागी हे नाव लिहा. यापुढे टेबलाच्या लगेच खाली लिहिलेली प्रत्येक ओळ टेबलात सामील होते, आणि रिफ्रेश केले की पिव्होटमध्ये येते. हंगामाच्या पहिल्या दिवशी एवढे केले तर निम्म्या तक्रारी उरतच नाहीत, असे मी खात्रीने सांगेन.

टेबलालाही पथ्ये आहेत. एक ओळ रिकामी सोडून नोंदी चिकटवल्या तर त्या टेबलाबाहेर राहतात. टेबलाची ‘टोटल रो’ चालू असेल तर तिच्या खाली लिहिलेलेही बाहेरच राहते. नवी ओळ टेबलात शिरली की तिला टेबलाचा रंग येतो आणि कोपऱ्यातली छोटी खूण खाली सरकते. तेवढे पाहायची सवय लावून घ्यावी.

आता दुसरी शक्यता : नोंद कॅशमध्ये आहे, पण बेरीज वाढत नाही. इथे संशय घ्यावा तो आकड्यांच्या रूपातल्या मजकुरावर. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या प्रोग्रॅममधून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेली वजने पुष्कळदा अक्षरे म्हणून येतात. डोळ्यांना ३० दिसते, एक्सेलला ते नावासारखे वाटते आणि बेरजेत ते धरत नाही. ओळींची संख्या वाढते, वजन वाढत नाही, ही याची खूण. असे आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटलेले असतात आणि वरच्या कोपऱ्यात बहुधा हिरवा त्रिकोण दिसतो. तो रकाना निवडून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ करा. त्याने भागले नाही तर आकड्यामागे एखादी न दिसणारी मोकळी जागा असते; ‘फाइंड अँड रिप्लेस’ने ती काढून टाकावी लागते.

तारखांचे दुखणे याहून वाईट, कारण ते अर्धवट असते. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर ५ नोव्हेंबरची नोंद एक्सेल ११ मे म्हणून घेते आणि १३ तारखेची नोंद, तेरावा महिना नसल्यामुळे, नुसता मजकूर म्हणून ठेवते. मग नोव्हेंबरच्या गटात काही सौदे दिसतच नाहीत, किंवा महिन्यानुसार गट करताना एक्सेल नकार देते. विंडोजच्या ‘रीजन’मध्ये भारत निवडलेला आहे ना, हे नवा संगणक घेतल्याच दिवशी पाहावे.

नावांच्या लेखनाचेही तसेच. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके. तालुकावार पिव्होटमध्ये तेरा-चौदा ओळी दिसल्या की कुठेतरी ‘गडहिंग्लज’ आणि ‘गडहिंगलज’ असे दोन्ही लिहिले गेले आहे, किंवा ‘कागल’च्या पुढे एक स्पेस पडली आहे, हे ओळखावे. नवी नोंद पिव्होटमध्ये आलेली असते, फक्त आपण पाहतो त्या ओळीत न येता तिच्या जुळ्या भावंडाच्या ओळीत गेलेली असते. तालुक्याच्या रकान्यात ‘डेटा व्हॅलिडेशन’ लावून बारा नावांची यादीच द्यावी, म्हणजे कोणी काही वेगळे लिहूच शकणार नाही. गावांची यादी मोठी होते, तरी ती करावी.

लेखन दुरुस्त केले आणि रिफ्रेश केले, तरी फिल्टरच्या यादीत चुकीचे नाव दिसत राहते, हा अनुभवही अनेकांना येतो. बेरीज बरोबर असते. कॅशने जुनी नावे आठवणीत ठेवलेली असतात एवढेच. पिव्होट टेबल ऑप्शन्सच्या ‘डेटा’ भागात प्रत्येक रकान्याची किती जुनी नावे सांभाळायची याची निवड आहे. ती ‘नन’ करून पुन्हा रिफ्रेश केले की यादी स्वच्छ होते. याच्या उलटही घडते. आपण फिल्टरमध्ये हाताने काही तालुक्यांच्या खुणा काढलेल्या असतात. मग चंदगडहून हंगामातला पहिला माल येतो आणि तो तालुका पिव्होटमध्ये दिसतच नाही. हाताने लावलेला फिल्टर नव्या नावांना सहसा आत घेत नाही. ‘फील्ड सेटिंग्ज’मध्ये नव्या नावांना आत घेण्याची चौकट आहे, ती चालू करावी.

कधी एक्सेल रिफ्रेश करायलाच नकार देते आणि इंग्रजीत एक संदेश दाखवते. तो वाचायचा कंटाळा करू नये. त्यात कारण लिहिलेले असते. फील्डचे नाव वैध नाही असे म्हटले असेल तर एखाद्या रकान्याचा मथळा रिकामा आहे किंवा मथळ्याचे सेल ‘मर्ज’ केलेले आहेत. एक पिव्होट दुसऱ्यावर चढते असे म्हटले असेल तर दोन पिव्होट एकाखाली एक ठेवली आहेत आणि वरचे वाढायला जागा उरलेली नाही. प्रत्येकाला स्वतंत्र शीट द्यावी. शीटला पासवर्ड असेल तर तो काढल्याशिवाय रिफ्रेश होत नाही. आणि मथळ्याचे नाव बदलले, ‘रक्कम’चे ‘एकूण रक्कम’ केले, तर एक्सेलच्या लेखी जुना रकाना संपला. तो पिव्होटमधून निघून जातो, नवा पुन्हा ओढून आणावा लागतो. मथळे हंगामाच्या मध्ये बदलू नयेत.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंगच्या खर्चाच्या मोठ्या फाइली असतात, तिथे आणखी एक कारण सापडते. शेकडो फॉर्म्युल्यांमुळे फाइल मंदावते म्हणून कोणीतरी ‘कॅल्क्युलेशन’ मॅन्युअलवर टाकून ठेवतो. मग धातूचा दर बदलला तरी मूळ शीटमधली रक्कमच जुनी राहते आणि पिव्होट ती जुनी रक्कम नव्याने उचलते. एफ९ दाबा, मग रिफ्रेश करा. दुसऱ्या फाइलमधून किंवा ईआरपीमधून पॉवर क्वेरीने माहिती येत असेल तर ती पूर्ण यायच्या आतच पिव्होट ताजे होऊन मोकळे होते. तिथे ‘रिफ्रेश ऑल’ दोनदा करावे, किंवा कनेक्शनच्या गुणधर्मांतले ‘बॅकग्राउंड रिफ्रेश’ बंद करावे. आणि नुसती पिव्होटची शीट नव्या फाइलमध्ये कॉपी केली असेल तर तिचा मूळ पत्ता जुन्या फाइलचाच राहतो. नव्या फाइलमध्ये कितीही नोंदी भरा, तिला त्यांचे काही नसते.

गुगल शीट्समध्ये पिव्होट आपोआप ताजे होते, पण हद्द आणि फिल्टर यांचे दोष तिथेही असेच. लिबरऑफिसमध्ये एक्सेलसारखेच स्वतः रिफ्रेश करावे लागते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आता पिव्होटबाय नावाचा फॉर्म्युला आहे. तो कॅश ठेवत नाही, मूळ सेल बदलला की लगेच बदलतो. ज्यांच्याकडे ती आवृत्ती आहे त्यांनी रोजच्या लहान तक्त्यांसाठी तो जरूर वापरून पाहावा.

शिळ्या आकड्याची खरी भीती ही की तो ताज्या आकड्यासारखाच दिसतो. पावसाळ्यात कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याजवळची नदीची पातळी नेहमी वेळेसह विचारतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा तीन तासांपूर्वीचा आकडा कोणाच्याच कामाचा नव्हता. पिव्होट मात्र आपण कधीचे आहोत हे स्वतःहून सांगत नाही. ते त्याच्याकडून वदवून घ्यावे. तारखेचा रकाना ‘व्हॅल्यूज’मध्ये ओढा, बेरजेऐवजी ‘मॅक्स’ निवडा आणि त्याला तारखेचे रूप द्या. शेवटची नोंद कोणत्या दिवसाची आहे हे आता टेबलातच दिसेल.

दुसरे म्हणजे ताळा. पिव्होटच्या वर दोन-तीन ओळी मोकळ्या ठेवा. एका सेलमध्ये मूळ टेबलातल्या रकमेच्या रकान्यासाठी साधा ‘सम’ फॉर्म्युला लिहा. शेजारच्या सेलमध्ये बरोबरचे चिन्ह देऊन पिव्होटच्या एकूण बेरजेवर क्लिक करा. एक्सेल तिथे गेटपिव्होटडेटा हा फॉर्म्युला घालते. अनेकांना तो लांबलचक वाटतो आणि ते तो काढून नुसता सेलचा पत्ता लिहितात. तसे करू नये. नव्या ओळी आल्या की एकूण बेरीज खाली सरकते, हा फॉर्म्युला तिच्याबरोबर जातो, नुसता पत्ता जात नाही. तिसऱ्या सेलमध्ये दोन्हींची वजाबाकी. ती शून्य असेल तरच शेतकऱ्याची पट्टी छापायची किंवा दूध बिल बँकेत पाठवायचे. नोंदी अपुऱ्या पोचल्या असतील, फिल्टर लागलेला असेल किंवा रिफ्रेश राहिले असेल, तर ही वजाबाकी ते लगेच दाखवते. अक्षररूपातले आकडे मात्र दोन्ही बेरजांतून सारखेच गळतात, ते हिला सापडत नाहीत. म्हणून भरलेल्या ओळी आणि आकडा असलेले सेल यांची संख्याही जुळवून पाहावी.

कॅशबद्दल एक गोष्ट आकड्यांच्या अचूकपणाहूनही गंभीर आहे. मूळ शीट काढून टाकून फक्त पिव्होट असलेली फाइल कोणाला पाठवली, तरी कॅश तिच्या पोटात असते. घेणाऱ्याने एकूण बेरजेवर दोनदा क्लिक केले की सगळ्या ओळी नावांसह बाहेर येतात. लंडनच्या इस्लिंग्टन पालिकेने २०१२ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून अशीच एक एक्सेल फाइल दिली, आणि दोन हजारांहून अधिक रहिवाशांची खासगी माहिती त्यातल्या पिव्होटमागून उघड झाली. २०१३ मध्ये पालिकेला ७०,००० पौंडांचा दंड झाला. आपल्याकडच्या पतसंस्था, दूध संस्था, सोसायट्या आणि सीएंची कार्यालये रोज अशा फाइली मेलने आणि व्हॉट्सअ‍ॅपने पाठवतात. त्यांत सभासदांची कर्जे, खाते क्रमांक, मोबाइल नंबर असतात. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : गोषवारा बाहेर पाठवायचा असेल तर पिव्होट कॉपी करून नव्या फाइलमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करा, किंवा पीडीएफ काढून तीच पाठवा. पिव्होट असलेली एक्सेल फाइल संस्थेबाहेर पाठवू नका.